पीळ

गेल्या आषाढात एका दुपारी मोरीत उभी राहून मी फरशीचं फडकं पिळत होते आणि ते पिळलं जाईना. फडकं रोजचंच. जुन्या पंचाचं, चार घड्या घातल्या की पंजात मावणारं. डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने पीळ दिला, तर अंगठ्याच्या मुळातून मनगटात अशी कळ गेली की फडकं परत बादलीत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ओठ चावून कसंबसं पिळलं, बाहेरच्या खोलीत आणलं, पुसलं आणि मागे वळून पाहिलं तर फरशीवर पाण्याची रेघ. ओलसरपणा नव्हे, चक्क पाणी. आषाढात अशी रेघ वाळायला पाऊण तास लागतो, पंखा पाचावर ठेवला तरी. माझ्या हातात वीस मिनिटं होती. नंतर सात मुलं उठणार होती, त्यातली तीन रांगती.

ती रेघ मी नेसत्या साडीच्या पदराने पुसली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी अंगठा तळव्यात घेऊन मूठ मिटायला लावली आणि ती मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी किंचाळले. ते खूश झाले, कारण त्यांचं निदान झालं होतं. अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या मनगटापाशी एका नळीतून जातात, ती नळी सुजते, एवढंच. द केर्व्हँ नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून आजाराला त्याचं नाव. ओल्या बाळंतिणींना फार होतो म्हणाले, बाळाला काखेत हात घालून सारखं उचलतात ना! आणि त्याच सुमाराच्या एका जुन्या इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकात याला धोबिणीची लचक म्हटलंय. कपडे पिळून पिळून होते म्हणून.

“तुम्ही यातलं काय करता?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“मग एक सोडा.”

मुलं सोडता येत नव्हती. फरशी सोडायची ठरली. ठरली म्हणजे डॉक्टरांनी आणि आमच्या ह्यांनी ठरवली. मी पट्टा बांधून घरी आले आणि संध्याकाळी साडेसातला, शेवटचं मूल गेल्यावर, पट्टा सोडून पुन्हा मोरीत उभी राहिले.

सत्तावीस वर्षं कोथरूडच्या या दोन खोल्या-स्वयंपाकघरात पाळणाघर चालवते आहे. धुण्याला बाई होती, भांड्याला बाई होती, फरशीला कधीच नव्हती. कोणी विचारलं की मी म्हणायची, वेळ जुळत नाही हो. ते खोटं नव्हतं. पहिलं मूल आठला येतं, शेवटचं सातला जातं. मध्ये घर मोकळं असं नसतंच. मुलं जेवून आतल्या खोलीत झोपतात ते पावणेदोन ते तीन, त्यातही कोणीतरी अडीचलाच बसतं होतं. तेवढीच काय ती फट. त्या फटीत येणारी, बादलीच्या कडीचा आवाज न करणारी, मोबाइल न वाजणारी, खुर्ची न ओढता उचलणारी बाई पुण्यात मिळणं कठीण. पण ते खरं कारण नव्हतं. १९९७ मध्ये, पहिल्याच वर्षी, एका मुलाची आई दारात चप्पल घालता घालता म्हणाली होती, “काकू, तुमच्याकडे पाळणाघर आहे असं वाटतच नाही.” मला आणखी कुठला पुरस्कार मिळालेला नाही. त्या एका वाक्यावर मी सत्तावीस वर्षं फरशी पुसली.

आता थोडं पिळाबद्दल. फरशी पुसण्यात बाकी सगळं कोणालाही येतं. केर काढावा, कोपरे आधी घ्यावेत, मागे मागे सरकत यावं, हे काही सांगायला नको. अडतं ते पिळापाशी. फडकं कमी पिळलं तर पाणी राहतं, आणि ते नुसतं पाणी नसतं. त्यात विरघळलेला वरण-भाताचा अंश, सांडलेलं दूध, पावडर हे सगळं असतं, आणि पाणी वाळल्यावर त्याचा एक अदृश्य पापुद्रा फरशीवर बसतो. उभ्या माणसाला तो दिसत नाही. पोटावर पालथ्या पडलेल्या सात महिन्यांच्या मुलाला दिसत असावा, कारण ते बरोबर तिथे जीभ लावतं. उलट फडकं फार पिळलं, कोरडं खडखडीत केलं, तर ते धूळ उचलत नाही, नुसती ढकलत नेऊन कपाटाखाली साठवतं. मधला एक पीळ असतो. पुसल्यावर फरशीचा रंग एक छटा गडद व्हावा आणि तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा रंग परत यावा. हा पीळ उन्हाळ्यात वेगळा, पावसाळ्यात वेगळा. पंचाचा वेगळा, जुन्या सुती साडीचा वेगळा, आणि टेरिकॉटचं फडकं करणाऱ्या बाईला तर मी दारातही उभी करणार नाही.

माझी परीक्षा अशी. पुसून झालं की दाराशी फरशीवर आडवी होते, गाल फरशीला टेकवते, एक डोळा मिटते. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं येतं, ते नसेल तर टॉर्च पेटवून फरशीवरच आडवा ठेवायचा. मग बघा. वरून आरशासारखी वाटणारी फरशी तिथून शेतासारखी दिसते. फडक्याच्या फेऱ्यांच्या सऱ्या, केसांच्या दोऱ्या, कुठे एखादा चुरमुरा डोंगराएवढा. एकदा आमच्या ह्यांनी मला तशी पडलेली पाहिलं आणि घाबरून पाणी आणायला धावले. तेव्हापासून मी आधी “मी बरी आहे” असं ओरडते आणि मग आडवी होते.

रांगत्या मुलांचं हे वेड मला सुरुवातीला नव्हतं, कारण सुरुवातीला रांगती मुलं मला एकदम मिळायचीच नाहीत. मूल यायचं तीन महिन्यांचं, फार तर चार. कायद्याने आईला बाळंतपणाची रजाच बारा आठवड्यांची होती. ते मूल तीन-चार महिने पाळण्यात उताणं पडून छताकडे बघायचं आणि तोवर माझी त्याची, त्याची माझी ओळख व्हायची. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली. फार चांगलं झालं, आयांसाठी मी तेव्हा पेढे वाटले. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कचेऱ्यांनी पाळणाघराची सोय करावी असंही त्याच दुरुस्तीत आलं, पण माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या कचेऱ्यांमध्ये बहुधा एकोणपन्नासच माणसं असतात. पण झालं काय, की मूल आता येतं तेच सहा-सात महिन्यांचं, पुढे सरकायला टपलेलं. आल्या दिवशी थेट जमिनीवर. पाळणाघरातला पाळणा आता माळ्यावर आहे. राहिली ती फरशी.

आणि फरशी पुसायची म्हणजे घरात बादली आली. आमच्या धंद्यात बादलीएवढी भयंकर वस्तू नाही. वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, बादलीत वाकून बघायला गेलं की तोल पुढे जातो आणि मग चार बोटं पाणीही पुरतं. म्हणून माझ्याकडे बादली मोरीच्या दाराबाहेर येत नाही आणि मोरीला वरच्या बाजूला कडी आहे. मी बारा फडकी मोरीत भिजवून, पिळून घमेल्यात रचते आणि घमेलं बाहेर आणते. एक फडकं खोलीच्या एका पट्ट्याला, मग ते बाजूला. परत बुचकळायचं नाही. घाण पाण्यात फडकं बुचकळून तीच घाण पुढच्या खोलीला वाटण्याची जी पद्धत आहे तिला लोक फरशी पुसणं म्हणतात, म्हणोत.

फिनेलही माझ्याकडे नाही. पूर्वी होतं, दारावर यायचं ते, थंड पेयाच्या जुन्या बाटलीतलं. पांढरं फिनेल पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मला ते खऱ्या अर्थाने कळलं ते एक दीड वर्षाचं मूल दोन्ही हात पुढे करून त्या पाण्याकडे “दुदू, दुदू” म्हणत निघालं तेव्हा. मी त्याला कसं उचललं ते आठवत नाही. बाटली त्याच संध्याकाळी गेली. फिनेलच्या वासाला स्वच्छतेचा वास समजणारे आईबाप पुढे बरीच वर्षं दारात नाक वर करून हुंगायचे आणि निराश व्हायचे.

अर्थात मी शहाणी होते असं नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाईन फ्लूने घबराट केली, शाळा बंद झाल्या, रस्त्यावर सगळे तोंडाला फडकी बांधून. माझ्याकडे मुलं दोनच उरली होती, तरी मी दिवसातून चारदा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी पुसत होते. एका दुपारी मोरीत तेच पाणी ओतलं, तिथे सकाळी संडासाचं ॲसिड टाकलेलं होतं हे विसरून. घसा असा धरला की बोलता येईना, डोळ्यांतून धारा. दोन्ही मुलांना घेऊन जिन्यात बसले आणि समोरच्या बिऱ्हाडाला सांगितलं की लाइट गेलेत. मुलं सुखरूप होती. पण त्या दोन मुलांसाठी चारदा फरशी पुसत होते की त्यांच्या आयांनी बाकीच्यांना जाऊन सांगावं म्हणून, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तर, बाई ठेवायची ठरली.

पहिली आली ती तरुण, चटपटीत. मी तिला सगळं समजावलं, बारा फडकी, घमेलं, पट्टे. तिने ऐकून घेतलं. काम चांगलं करायची, आता मान्य करते, पण मला करमत नव्हतं. ती गेली की मी आडवी व्हायची, एखादी सरी दिसायचीच, मग पट्टा सोडून आणखी दोन-चार फडकी ओली करायची. मनगट सुजायचं आणि मी डॉक्टरांना म्हणायची, गुण नाही. तिसऱ्या आठवड्यात ती बाल्कनीतल्या दोरीपाशी उभी राहिली आणि मोजायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मी काल सात वापरली. वर अकरा कशी?” मी काहीतरी बोलले, दूध सांडलं होतं वगैरे. ती म्हणाली, “काकू, तुम्हाला करायचंच असेल तर करा. मला पैसे देऊन बघायला कशाला ठेवता?” महिना संपायच्या आत गेली. बरोबरच होतं तिचं. आपल्यामागे कोणी आपलं काम पुन्हा करतं, हे माझ्या बाबतीत कोणी केलं असतं तर मी त्याच दिवशी गेले असते.

दुसरीबद्दल फार सांगत नाही. तिचा फोन झोपेच्या वेळी वाजला, सातही उठली. ते मी माफ केलं. पण दाराजवळचा हळदीचा डाग काढायला तिने स्वतःच्या पैशाने ॲसिड आणलं, कौतुकाने ओतलं, फस्सकन फेस आला. आमच्या फरश्या मोझॅकच्या, इमारत १९८६ ची. मोझॅक म्हणजे सिमेंटात बसवलेल्या संगमरवराच्या चिपा, आणि संगमरवर ॲसिडने खाल्ला जातो. डाग गेला, फरशीही गेली. वीतभर जागा अजून खरखरीत आहे, मोजे अडकतात. हे सगळं तिला सांगायला हवं होतं ते मीच सांगितलं नव्हतं. पिळावर तिला तीन दिवस व्याख्यान दिलं आणि ॲसिडबद्दल एक शब्द नाही.

मधल्या दिवसांत आमच्या ह्यांनी गोल फिरणारा मॉप आणला, बादलीतच पिळून देणारा. पायाने दाबायचं, गरगर फिरतो. त्यांना यंत्र फार आवडलं, दोन दिवस स्वतः चालवलं. मला त्याचे तंतू आवडले नाहीत. ते सुटतात आणि रांगतं मूल पहिल्यांदा तेच उचलतं. शिवाय उभ्याने पुसणाऱ्याला फरशीतलं काही कळतच नाही. हाताखाली चिकट लागलं की हात आपोआप थांबतो, दांडा थांबत नाही. मॉप बाल्कनीत आहे, त्यावर चिमण्या बसतात.

याच दिवसांत मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. आमच्या रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी एक मोठं डे-केअर निघालं आहे. पाळणाघर म्हटलेलं त्यांना आवडत नाही. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात कॅमेरे, आईला कचेरीत बसून मूल दिसतं. माझी दोन मुलं तिकडे गेली होती. मी नातीसाठी चौकशी करायला आले आहे असं सांगून आत गेले. मला नात नाही. तिथल्या मुली फार गोड बोलल्या, सगळं दाखवलं. खाली त्या स्पंजच्या रंगीत चटया, एकमेकीत अडकवायच्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. चपलेचा बंद नीट करायच्या निमित्ताने मी खाली बसले आणि ‘बी’ अक्षराचा कोपरा नखाने उचलला. सांध्यातून झिरपलेलं पाणी खाली साठून काळी बुरशी धरली होती, आंबूस वास, एक भाताचं शीत आणि त्याच्याकडे निघालेली मुंग्यांची रांग. मी कोपरा परत बसवला, थापटला आणि “छान आहे हो सगळं” म्हणून बाहेर पडले. घरी येईपर्यंत मी इतकी आनंदात होते की वाटेत भेळ घेतली. दुसऱ्याच्या चटईखाली बुरशी सापडल्याचा आनंद हा काही सभ्य आनंद नव्हे. पण हल्ली सगळीकडे जमीन झाकायचीच चाल आहे. जमीन पुसता येत नाही म्हणून चटई, चटई उचलता येत नाही म्हणून वरून सुगंधी फवारा. आमच्या आजीच्या घरी शेणाने सारवलेली जमीन होती आणि तिच्यावर आम्ही वाढलो, असं म्हणायचा मोह होतो. म्हणत नाही, कारण आमच्यातली दोन भावंडं पाच वर्षांची होण्याआधी गेली.

बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करताना आम्हाला माँटेसोरीबाईंचा धडा होता. १९०७ च्या ६ जानेवारीला रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालघर उघडलं. पाठ केलं होतं. का उघडलं ते पुष्कळ नंतर वाचलं. वस्तीतल्या नव्या केलेल्या इमारती, आईबाप दिवसभर कामाला, घरी राहिलेली मुलं जिने आणि भिंती खराब करायची. इमारतवाल्यांनी हिशेब केला की भिंती सारख्या दुरुस्त करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणं स्वस्त. म्हणजे जगातल्या त्या थोर शिक्षणपद्धतीची सुरुवात भिंतींवरच्या डागांपासून झाली. त्या बालघरात मुलं स्वतः झाडलोट करायची, टेबलं पुसायची. मीही छोट्या केरसुण्या आणून बघितल्या. आमच्या मुलांनी त्या घेऊन एकमेकांना झाडलं.

तिसरी बाई आली ती श्रावणात, भिजत. पन्नाशीची असावी. दारात छत्री मिटून, पायपुसण्यावर पाय कोरडे करून उभी राहिली, तेवढ्यावरच खरं म्हणजे मी तिला ठेवली असती. बाया कामाला येतात तेव्हा भांड्यासाठी विचारतात, माणसं किती. फरशीसाठी विचारतात, खोल्या किती. हिने आतल्या खोलीत डोकावून झोपलेल्या मुलांकडे पाहिलं आणि विचारलं,

“रांगणारी किती?”

सत्तावीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी “तीन” म्हटलं आणि आपोआप “तुम्ही” वर आले.

त्यांच्या अटी स्वच्छ होत्या. महिन्याला दोन सुट्ट्या, दिवाळीला एका महिन्याचा पगार, आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत. त्या संघटनेत आहेत. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली, त्या संपात त्यांची आई होती. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरी आई आठवडाभर भांडी घासत होती आणि त्या बायांना काय काय बोलत होती ते मला आठवतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. पुढे २००८ मध्ये घरकामगारांसाठी राज्यात कायदाही झाला, कल्याण मंडळ झालं. त्याचा उपयोग किती यावर त्यांचं मत फार तिखट आहे, पण निदान कागदावर त्या आहेत. माझं पाळणाघर कागदावर आहे ते फक्त सोसायटीच्या तक्रारवहीत. कामावर ठेवणारी मी आणि ठरलेल्या अटी त्यांच्याकडे, अशी आमची बैठक झाली. पैशाला मी पहिल्यांदाच घासाघीस केली नाही.

मुलांनी त्यांचं नाव बादलीमावशी ठेवलं. माझ्याकडे लाकडी ठोकळे आहेत, मोत्यांच्या माळा आहेत, चित्रांची पुस्तकं आहेत. अडीचला उठलेलं मूल डोळे चोळत थेट मोरीच्या बंद दाराशी जाऊन बसतं आणि आत पाणी पडल्याचा आवाज ऐकत राहतं. मला याचं वाईट वाटलं, हे लिहायलाच हवं.

पण पीळ. पहिल्याच दिवशी मी मोरीत त्यांच्यामागे उभी राहिले, पिळाचं सांगायला. त्यांनी फडकं ओलं केलं, नळाच्या मानेभोवती घातलं, दोन्ही टोकं एकत्र धरली आणि सगळा हात खांद्यापासून फिरवला. मनगट जरासुद्धा वाकलं नाही. अंगठ्याला काही कामच नाही. फडक्याचा दोरखंड झाला, पाणी धो धो गेलं, मग ठिबकलं, मग थांबलं. घमेल्यात टाकलं. पुढचं.

“असं नळाला पिळलं तर नळ सैल होतो,” मी म्हटलं. एवढंच सुचलं.

“वायसर दहा रुपयाला मिळतो, काकू.”

त्या पुसत गेल्या आणि मी दारात बघत राहिले. एक छटा गडद, आणि खिडकीपर्यंत पोचेस्तोवर दाराशी रंग परत. श्रावणात. त्या गेल्यावर आडवी झाले. टॉर्च लावला. बराच वेळ पडून राहिले. काही सापडेना म्हणून नव्हे, सापडावं म्हणून.

सत्तावीस वर्षं रोज बारा फडकी मी दोन मुठींत पिळली. नळ तिथेच होता, माझ्या नाकासमोर. फरशीला कधी बाई ठेवली असती तर तिने हे पहिल्या आठवड्यात दाखवलं असतं, कारण पाच घरी फरशी पुसणाऱ्या बाईला आपलं मनगट सांभाळायला लागतं. मला काय, एकच घर. आमची आई म्हणायची, सुंभ जळतो पण पीळ जात नाही. ती ते मलाच उद्देशून म्हणायची, पण तेव्हा फरशीचा विषय नव्हता.

आता सगळं सुरळीत आहे असं वाटेल. गेल्या आठवड्यात, भर पावसात, त्या काम आटोपून गेल्या आणि मी नेहमीसारखी आडवी झाले. दिवाणाखाली एक सरी. खरंच होती, मी कल्पना केलेली नाही. डॉक्टरांना आणि ह्यांना दिलेला शब्द मला आठवत होता. पण पट्टा न सोडता, अंगठा न लावता करता येईल की, त्यांच्या पद्धतीने, असं मनाशी म्हणून मी मोरीत गेले. फडकं ओलं केलं, नळाला घातलं, टोकं धरली, हात खांद्यापासून फिरवला. दुखलं नाही. अजिबात दुखलं नाही! मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात आतून एकाने भोकाड पसरलं, मी फडकं तसंच नळाला सोडून, कडी लावून आत धावले.

त्याला खांद्यावर घेऊन थोपटत बाहेर येते तर बेल. बादलीमावशी. मोरीत वाळत घातलेली छत्री विसरल्या होत्या. मी “मी देते” म्हणेपर्यंत त्या कडी काढून आत गेल्या होत्या.

छत्री घेतली. मग नळाकडे पाहिलं. त्या डावखुऱ्या आहेत, हे मी इतके दिवस बघत होते आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या हातचा पीळ एका दिशेने पडतो, माझ्या हातचा दुसऱ्या.

“हा माझा नाही,” त्या म्हणाल्या.

मी दूध सांडलं होतं असं म्हणणार होते. खांद्यावरचं मूल गप्प होऊन मोरीत बघत होतं. मी काही बोलले नाही.

त्यांनी छत्री काखेत धरली, फडक्याचा पीळ उलगडला, आपल्या बाजूने घातला आणि एकदाच फिरवला. फडक्यातून अजून पाणी निघालं. सहा थेंब. मी मोजले.